बियाण्याचें कुळ आणि कायद्याचा शब्द

गव्हाचा एक दाणा कल्पनेनें डोळ्यांपुढें आणावा. त्याच्या पेशींतील डी.एन.ए. नांवाच्या लांबच लांब धाग्यावर एका ठिकाणीं दोनचार अक्षरें गळून पडलीं आहेत, आणि त्यामुळें त्या गव्हाच्या अंगीं एखादा नवा गुण आला आहे. हीं अक्षरें शेतांतल्या उन्हापावसांत आपोआप गळलीं असतील; प्रयोगशाळेंत गॅमा किरणांच्या माऱ्यानें गळलीं असतील; किंवा एखाद्या शास्त्रज्ञानें नेमकी जागा हेरून तीं कातरून काढलीं असतील. दाणा तोच, गुण तोच, आणि पुष्कळदां तपासणीचें कोणतेंहि साधन ह्या तिहींतला भेद सांगूं शकत नाहीं. परंतु कायद्याच्या दरबारांत पहिला दाणा साधा गहूं ठरतो. दुसराहि बहुधा साधाच ठरतो. तिसरा मात्र एका देशांत साधा, दुसऱ्यांत संशयित आणि तिसऱ्यांत परवान्यावांचून पेरतां न येणारा असा होऊन बसतो.

ही विसंगति कोठून आली हें पाहूं गेल्यास शेतापेक्षां कायद्याच्या पुस्तकांतच अधिक हिंडावें लागतें. ज्या वाक्यांनीं जनुक-संपादित पिकांचें भवितव्य ठरलें, त्यांतील बरींचशीं वाक्यें तें तंत्र हातीं येण्यापूर्वींच, १९८६ ते २००१ ह्या पंधरा वर्षांत, लिहून झालीं होतीं. लिहिणारांच्या डोळ्यांपुढें पिकें निराळीं होतीं आणि भीतीहि निराळी होती. त्या वाक्यांचा इतिहास कळल्यावांचून ह्या वादांत कोणाची बाजू घेणें म्हणजे दस्तऐवज न वाचतां खटल्याचा निकाल देण्यासारखें आहे.

मनुष्यानें पिकांच्या आनुवंशिक द्रव्यांत हात घातला तो कांहीं काल-परवां नव्हे. १९२७ सालीं हर्मन मुलर ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानें फळमाशीवर क्ष-किरण सोडून तिच्या संततींत कृत्रिम उत्परिवर्तनें घडवितां येतात हें सिद्ध केलें. पुढल्याच वर्षीं लुइस स्टॅडलर ह्यानें सातूवर तोच प्रयोग करून दाखविला. दुसऱ्या महायुद्धानंतर अणुशक्तीचा कांहीं तरी शांततामय उपयोग दाखवावा ह्या उत्साहांत देशोदेशीं किरणांच्या बागा उभ्या राहिल्या. मध्यभागीं किरणोत्सर्गी कोबाल्टचा खांब आणि भोंवतीं वर्तुळाकार लावलेलीं रोपें, अशी त्यांची रचना असे. खांबाजवळचीं रोपें मरून जात, अगदीं दूरचीं जशींच्या तशीं राहत, आणि मधल्या पट्ट्यांत चित्रविचित्र भेद उत्पन्न होत. त्यांतले उपयोगी तेवढे निवडून बाकीचे टाकून द्यावयाचे. ब्रिटनमधील 'गोल्डन प्रॉमिस' नांवाचा ठेंगणा सातू अशाच किरणांतून जन्मास आला आणि पुढें स्कॉटलंडच्या व्हिस्कीचा आधारस्तंभ झाला. मुंबईस तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रानें किरणांच्या साहाय्यानें भुईमुगाच्या अनेक जाती काढल्या, त्यांतील टी.ए.जी.-२४ ही महाराष्ट्राच्या शेतकऱ्यांच्या चांगलीच परिचयाची आहे. आपल्या घरांत शेंगदाण्याचें कूट करतांना हे दाणे अणुभट्टीच्या आश्रयानें वाढलेल्या कुळांतले आहेत कीं काय, अशी शंका कोणा गृहिणीनें घेतल्याचें ऐकिवांत नाहीं, आणि घेण्याचें कारणहि पडलें नाहीं. संयुक्त राष्ट्रांच्या दफ्तरांत उत्परिवर्तनानें काढलेल्या अशा तीन हजारांहून अधिक जातींची नोंद आहे. त्या किरणांनीं धाग्यावर आणखी कोठें काय मोडतोड केली ह्याची झडती त्या काळीं कोणी घेतली नाहीं. घेण्याचें साधनहि नव्हतें.

कायद्याला जाग आली ती दुसऱ्याच एका शोधानें. १९७३ सालीं स्टॅन्ली कोहेन व हर्बर्ट बॉयर ह्यांनीं डी.एन.ए.चा परका तुकडा जंतूंत बसवून तो तेथें नांदतो असें दाखविलें. जातीजातींमधील निसर्गाची भिंत प्रथमच हातानें फोडली गेली होती. स्वतः शास्त्रज्ञच इतके दचकले कीं, १९७५ च्या फेब्रुवारींत कॅलिफोर्नियांतील ॲसिलोमार येथें सभा भरवून त्यांनीं आपल्या प्रयोगांवर आपणच बंधनें घालून घेतलीं. पुढें हें तंत्र पिकांपर्यंत आलें, तेव्हां सरकारांपुढें प्रश्न असा पडला कीं, नजर ठेवावयाची ती कशावर? वस्तु ज्या रीतीनें बनली त्या रीतीवर, कीं बनलेल्या वस्तूवर?

अमेरिकेनें १९८६ सालीं ठरविलें कीं, नवा कायदा नको. असलेल्या तीन खात्यांनींच आपापल्या जुन्या कायद्यांखालीं हें काम पाहावें. शेतकी खात्याजवळ जो कायदा होता तो पिकांवरील किडी व रोग ह्यांच्या बंदोबस्ताचा. त्या काळीं वनस्पतींत परकें जनुक शिरविण्यासाठीं ॲग्रोबॅक्टेरियम नांवाच्या एका रोगजंतूचाच वाहन म्हणून उपयोग करीत. तेव्हां ज्या पिकाच्या घडणींत रोगजंतूचा अंश आला तें पीक संशयास्पद, असा धागा जोडण्यांत आला. युक्ति सोयीची होती. परंतु वाहन बदललें तर हा धागा तुटेल, हें त्या वेळीं कोणाच्या लक्षांत आलें नसावें. कानडानें तिसराच मार्ग धरला. पिकांत गुण नवा आहे काय, एवढेंच त्यानें पाहिलें. मग तो किरणांनीं आलेला असो, संकरानें आलेला असो वा जनुक बसवून आणलेला असो. तर्कदृष्ट्या तिघांत हाच मार्ग सर्वांत सरळ होता असें मला वाटतें. आश्चर्य एवढेंच कीं, त्याचें अनुकरण फारसें झालें नाहीं.

यूरोपानें १९९० सालीं स्वतंत्र निर्देश काढला, आणि २००१ सालीं तो सुधारून पुन्हां लिहिला. ह्या दोन तारखांच्या मधल्या काळांत यूरोपांतील घरोघरच्या जेवणाच्या मेजावर अविश्वास येऊन बसला होता. १९९६ च्या मार्चमध्यें ब्रिटिश सरकारनें कबूल केलें कीं, गाईंच्या मेंदूचा रोग मांसावाटे माणसांस झाला असण्याचा संभव आहे. त्यापूर्वीं कित्येक वर्षें मांस निर्धोक असल्याची ग्वाही तेंच सरकार देत आलें होतें. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेंतील जनुक-परिवर्तित सोयाबीनचीं पहिलीं जहाजें यूरोपच्या बंदरांत लागलीं. ह्या दोन गोष्टींचा शास्त्रदृष्ट्या कांहीं संबंध नव्हता. पण 'तज्ज्ञ म्हणतात कांहीं अपाय नाहीं' हें वाक्य ऐकण्याच्या मनःस्थितींत तेव्हां कोणी नव्हतें. नव्या निर्देशांत जी व्याख्या राहिली ती अशी : संयोगानें अथवा नैसर्गिक पुनर्मिलनानें जो बदल घडत नाहीं, असा बदल ज्याच्या आनुवंशिक द्रव्यांत केला आहे तो जनुक-परिवर्तित जीव. ही व्याख्या शब्दशः घेतली तर किरणांनीं बनलेला सातूहि तींत सांपडतो. म्हणून पुरवणींत उत्परिवर्तनास सूट देण्यांत आली, आणि प्रस्तावनेंत तिचें कारण सांगितलें कीं, ज्या रीति रूढ आहेत व ज्यांच्या निर्धोकपणाचा दीर्घ अनुभव आहे त्यांना हा कायदा लागू नाहीं. हें प्रस्तावनेंतील वाक्य पुढें सतरा वर्षांनीं कामास येणार होतें.

मधल्या काळांत कातरी सांपडली. जंतूंनाहि विषाणूंची बाधा होते, आणि आपल्यावर चालून आलेल्या विषाणूची खूण स्वतःच्या धाग्यांत साठवून ठेवून पुढल्या खेपेस नेमका तोच धागा कापण्याची एक यंत्रणा त्यांच्या ठायीं असते. दह्याच्या विरजणांतल्या एका जंतूवर प्रयोग करून २००७ सालीं ही गोष्ट सिद्ध झाली. आणि २०१२ सालीं एमान्युएल शार्पांतिये व जेनिफर डाउडना ह्या दोन विदुषींनीं त्या यंत्रणेची हवी ती जागा कापणारी कातरी बनवून दाखविली. हिचेंच नांव क्रिस्पर. त्यांना २०२० सालीं रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. अशा कातऱ्या त्यापूर्वींहि होत्या, पण त्या महाग व वापरण्यास अवघड. कातरीचा उपयोग तीन प्रकारें होतो. धागा कापून तो आपोआप सांधूं द्यावयाचा, म्हणजे सांध्यांत एखादें अक्षर कमीजास्त होतें. किंवा सांध्यासाठीं लहानसा नमुना पुरवून ठराविक अक्षरें बदलावयाचीं. किंवा त्या जागीं सबंध परकें जनुक बसवावयाचें. तिसऱ्या प्रकारास जुनेच निर्बंध लागू आहेत ह्याबद्दल जवळजवळ सर्वत्र एकमत आहे. सारें रण माजलें आहे तें पहिल्या दोहोंवरून.

पहिली चकमक न्यू झीलंडमध्यें, पाइन वृक्षांवरून झाली. तेथील पर्यावरण अधिकाऱ्यांनीं २०१३ सालीं ठरविलें कीं, नव्या कातरीनें केलेला किरकोळ बदल किरणांनीं केलेल्या बदलासारखाच आहे, तेव्हां त्यालाहि सूट असावी. एका नागरी संस्थेनें दावा लावला, आणि २०१४ च्या मे महिन्यांत वरिष्ठ न्यायालयानें तो निर्णय रद्द केला. सुटीच्या यादींत किरणें व रसायनें हीं दोनच नांवें आहेत. यादींत जें नाहीं तें 'सारखें' म्हणून आंत घेण्याचा अधिकार अधिकाऱ्यांना नाहीं, असें न्यायालय म्हणालें. सरकारनें पुढें २०१६ सालीं नियमांत तारीखच घालून टाकली : २९ जुलै १९९८ पर्यंत जी किरणांची व रसायनांची रूढ रीत वापरांत होती तिला सूट, बाकीच्यांना नाहीं. विज्ञानाच्या प्रश्नाचें उत्तर पंचांगांत शोधण्याचा हा प्रकार पाहून हसूं येतें खरें. परंतु यूरोपांतहि शेवटीं असाच एक काळाचा उंबरठा उभा राहिला.

अमेरिकेंत गोष्ट नेमकी उलट झाली. पेनसिल्व्हेनिया राज्याच्या विद्यापीठांतील यिनाँग यांग ह्यांनीं बाजारांत मिळणाऱ्या पांढऱ्या अळंबीचें एक जनुक क्रिस्परनें निकामी केलें, तेणेंकरून ती कापल्यावर लवकर काळी पडेनाशी झाली. २०१६ च्या एप्रिलमध्यें शेतकी खात्यानें त्यांना लिहून दिलें कीं, हींत कोणत्याहि रोगजंतूचा अंश नाहीं, सबब आमचा नियम हिला लागू नाहीं. अळंबी निर्दोष आहे असें खात्यानें म्हटलेलें नाहीं. ती आमच्या अखत्यारांत येत नाहीं, एवढेंच म्हटलें. तीस वर्षांपूर्वीं सोयीसाठीं जोडलेला धागा असा अलगद तुटला. २०२० सालीं खात्यानें नवा व्यापक नियम केला. तो २०२४ च्या २ डिसेंबर रोजीं कॅलिफोर्नियांतील एका न्यायालयानें रद्द ठरविला, आणि खातें पुन्हां जुन्या नियमाकडे परतलें.

ह्या गोंधळांत सर्वांत आधीं स्वच्छ वाक्य लिहिण्याचा मान अर्जेंटिनाकडे जातो. सोयाबीन व मका परदेशीं विकून जगणाऱ्या ह्या देशास अनिश्चितता परवडत नव्हती. २०१५ सालीं तेथील शेतकी खात्यानें ठराव केला कीं, प्रत्येक नव्या पिकाचा जनक आधीं सल्ला विचारील, आणि अंतिम पिकांत आनुवंशिक द्रव्याची नवी जुळणी आहे कीं नाहीं एवढें पाहून साठ दिवसांत उत्तर दिलें जाईल. नसेल तर तें इतर पिकांसारखेंच. ब्राझील, चिली, कोलंबिया ह्यांनीं थोड्याफार फरकानें हाच कित्ता गिरविला.

ह्या प्रकरणांतील मुख्य प्रसंग मात्र लक्झेंबुर्ग येथें घडला. फ्रान्समध्यें लहान शेतकऱ्यांची 'कॉन्फेदेरासिओं पेझान' नांवाची एक लढाऊ संघटना आहे. तिनें इतर आठ संस्थांना बरोबर घेऊन फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयांत सरकारविरुद्ध दाद मागितली. तिचा रोष विशेषेंकरून तणनाशक सोसणाऱ्या सूर्यफुलावर व रेप नांवाच्या मोहरीच्या जातभाईवर होता. हीं पिकें उत्परिवर्तनानें काढलेलीं, म्हणून कायद्याच्या कचाट्याबाहेर. पण शेतांत त्यांचा परिणाम परक्या जनुकाच्या पिकासारखाच, म्हणजे तणनाशकांची फवारणी वाढणार, असें तिचें म्हणणें. फ्रेंच न्यायालयानें २०१६ च्या ऑक्टोबरांत मूळ प्रश्न यूरोपीय न्यायालयाकडे पाठविला : उत्परिवर्तनाची सूट ही २००१ नंतर निघालेल्या रीतींनाहि आहे काय?

२०१८ च्या जानेवारींत न्यायालयाचे महाधिवक्ता मिखाल बोबेक ह्यांनीं आपला अभिप्राय दिला. कायदा हा जिवंत असतो, त्याचा अर्थ काळाबरोबर वाढतो. सूट उत्परिवर्तनास दिली आहे, अमुक वर्षापर्यंतच्या उत्परिवर्तनास नव्हे, असा त्याचा रोख होता. शास्त्रज्ञांनीं सुस्कारा टाकला. न्यायालय बहुधा महाधिवक्त्याचा सल्ला मानतें असा अनुभव होता. परंतु २५ जुलै २०१८ रोजीं निकाल लागला तो निराळाच. उत्परिवर्तनानें बनलेले सारे जीव जनुक-परिवर्तितच होत, असें न्यायालयानें प्रथम म्हटलें, म्हणजे जुना किरणांचा सातूदेखील. फक्त ज्या रीति रूढ आहेत व ज्यांच्या निर्धोकपणाचा दीर्घ अनुभव आहे त्यांनाच सूट आहे. २००१ चा निर्देश झाल्यानंतर निघालेल्या किंवा मुख्यतः त्यानंतर वाढलेल्या रीतींना तसा अनुभव नाहीं, म्हणून सूटहि नाहीं. प्रस्तावनेंत सहज लिहिलें गेलेलें तें वाक्य असें कुंपण होऊन उभें राहिलें.

ह्या निकालाची शास्त्रज्ञांनीं मनसोक्त टर उडविली. छऱ्यांची बंदूक बेछूट झाडणारास मोकळीक आणि सुईनें नेमका टांका घालणारास बंदी, हा कोठला न्याय, असें ते विचारीत. प्रश्न बिनतोड आहे. पण न्यायालयाची बाजूहि केवळ अज्ञानाची नव्हती, हें सांगणें अवश्य आहे. न्यायालयानें एक मुद्दा असा मांडला कीं, नव्या रीतींनीं बदल घडविण्याचा वेग व त्यांचें प्रमाण हीं पूर्वीच्या रीतींपेक्षां फार मोठीं आहेत. दहा वर्षांत एक जात निघत असे तेथें दहा निघूं लागल्या, तर अनुभवाची ढाल तितकी जाड राहत नाहीं. आणि न्यायाधीशांपुढें प्रश्न गव्हाचा नव्हता, वाक्याचा होता. वाक्य चुकीचें असेल तर तें बदलण्याचें काम विधिमंडळाचें. न्यायालयानें तें परस्पर पुसून टाकावें अशी अपेक्षा करणारांनीं, तोच अधिकार उद्यां आपल्या विरुद्ध वापरला गेला तर काय, ह्याचा विचार केलेला दिसत नाहीं.

सुईचा टांका नेमका असतो हेंहि नेहमींच खरें ठरलें नाहीं. अमेरिकेंत २०१५ सालीं संपादनानें बिनशिंगी दुभतीं वासरें जन्मलीं. एका जातीच्या गुरांत मुळचाच असलेला बिनशिंगी गुण दुसऱ्या जातींत उतरविला होता, आणि दुसरें कोठेंहि कांहीं बिघडलेलें नाहीं असें जनकांनीं प्रसिद्ध केलें होतें. २०१९ सालीं अन्न व औषध खात्याच्या शास्त्रज्ञांनीं त्यांतील बुरी नांवाच्या वळूच्या धाग्याची माहिती पुन्हां चाळली, तेव्हां संपादनासाठीं वापरलेल्या जंतूच्या डी.एन.ए.चा तुकडा, प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जनुकांसह, त्या वळूच्या अंगांत राहून गेलेला आढळला. मूळ संशोधकांनीं लबाडी केली नव्हती. ज्या ठिकाणीं शोधावयास हवें होतें त्या ठिकाणीं त्यांनीं शोधलें नाहीं, इतकेंच. सूट द्यावी कीं न द्यावी ह्या वादांत हें वासरू मला फार महत्त्वाचें वाटतें. 'ह्यांत परकें कांहीं नाहीं' हें सुटीचें कारण असेल, तर तें खरोखरच नाहीं हें जनकाहून निराळ्या माणसानें पाहिलें पाहिजे.

निकालानंतर यूरोपापुढें व्यवहाराची अडचण उभी राहिली. २००६ सालीं अमेरिकन तांदळांत परवाना नसलेल्या जनुक-परिवर्तित जातीचा अंश सांपडला, तेव्हां तपासणीनें तो ओळखतां आला, आणि यूरोपनें तो माल अडविला. संपादित पिकाचें तसें नाहीं. यूरोपच्या सरकारी प्रयोगशाळांच्या संघानें २०१९ सालीं स्पष्ट सांगितलें कीं, कोणता बदल केला आहे हें आधीं ठाऊक नसेल तर असें पीक बंदरावर ओळखून काढणें शक्य नाहीं. जो गुन्हा सिद्ध करतां येत नाहीं त्याचा कायदा कसा चालवावयाचा? २०२१ सालीं यूरोपीय आयोगानेंच कबूल केलें कीं, निर्देश ह्या कामास अपुरा आहे. आणि २०२३ च्या ५ जुलैला त्यानें नवा मसुदा मांडला. मूळ पिकापासून वीसांहून अधिक बदल नसलेल्या व निसर्गांतहि घडूं शकतील अशा पिकांस साध्या पिकांत जमा करावें, बाकीच्यांना निर्बंध ठेवावेत, असा त्याचा आशय. वीसच कां, एकोणीस वा एकवीस कां नव्हेत, ह्याचें समाधान होईल असें उत्तर कोणीं दिलेलें मला आढळलें नाहीं. यूरोपीय संसदेनें २०२४ च्या फेब्रुवारींत ३०७ विरुद्ध २६३ अशा मतांनीं मसुद्यास अनुकूलता दाखविली. राष्ट्रांच्या परिषदेची भूमिका २०२५ च्या मार्चमध्यें ठरली. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत दोहोंच्या प्रतिनिधींत तडजोड झाली.

तोंवर इंग्लंड यूरोपीय संघांतून बाहेर पडलें होतें. २०२३ च्या मार्चमध्यें त्यानें 'अचूक प्रजनना'चा कायदा केला, आणि त्याखालील पिकांचे नियम १३ नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आले. मौज अशी कीं, पेरणीची ही मोकळीक एकट्या इंग्लंडापुरती आहे. स्कॉटलंड व वेल्स तींत सामील झाले नाहींत. ट्वीड नदीच्या एका कांठचा साधा गहूं दुसऱ्या कांठीं जनुक-परिवर्तित होतो. जपाननें कायदा न बदलतां रीत बदलली : जनकानें सरकारला आगाऊ कळवावें, सरकारनें तें प्रसिद्ध करावें. २०२० च्या डिसेंबरांत त्सुकुबा विद्यापीठांतील संशोधनांतून निघालेला एक टोमॅटो अशा रीतीनें नोंदला गेला. रक्तदाब उतरविण्यास साहाय्य करतो असें सांगितलें जाणारें गॅबा नांवाचें द्रव्य त्यांत जास्त आहे. विक्रीपूर्वीं त्याचीं रोपें परसबागा करणाऱ्या हजारों कुटुंबांना फुकट वांटलीं गेलीं. डब्यावर खूण छापण्याची सक्ति मात्र नाहीं. तपासून पाहतां येत नाहीं त्याची सक्ति काय करणार, असें ग्राहक खात्याचें उत्तर आहे.

आतां स्वदेशाकडे वळूं. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर १९८६ सालीं पर्यावरण-संरक्षणाचा कायदा झाला, आणि त्याखालीं ५ डिसेंबर १९८९ रोजीं जनुक-परिवर्तित जीवांविषयींचे नियम निघाले. ह्या नियमांतील व्याख्या यूरोपच्या व्याख्येपेक्षांहि व्यापक आहे. परकें द्रव्य आंत घालणें हें तर तींत आहेच. पण जीवाच्या आनुवंशिक द्रव्याचा भाग वगळणें वा काढून टाकणें ह्यालाहि ती जनुकीय अभियांत्रिकी म्हणते. म्हणजे कातरीचा शोध लागण्याच्या कितीतरी आधीं आपल्या नियमांनीं कातरणें हा शब्द जाळ्यांत घेऊन ठेवला होता. ह्याच नियमांखालीं २००२ सालीं बीटी कापसास परवाना मिळाला. आणि ह्याच नियमांखालीं मान्य झालेलें, जालन्याच्या एका कंपनीनें काढलेलें बीटी वांगें ९ फेब्रुवारी २०१० रोजीं तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश ह्यांनीं थोपवून धरलें. त्यानंतर ना होकार ना नकार, अशी वर्षांमागून वर्षें गेलीं. परिणाम काय झाला तो अकोला जिल्ह्यांत दिसला. २०१९ च्या जूनमध्यें अकोट तालुक्यांत शेतकरी संघटनेच्या शेतकऱ्यांनीं परवाना नसलेला तणनाशक-सहिष्णु कापूस उघडपणें, जाहीर सभा करून पेरला. फ्रान्समध्यें ज्या गुणाविरुद्ध शेतकरी न्यायालयांत गेले, त्याच गुणासाठीं वऱ्हाडांतला शेतकरी कायदा मोडावयास निघाला. निंदणीची मजुरी ज्याला भरावी लागते त्याचें गणित निराळें असतें. तो बरोबर होता कीं चूक हा प्रश्न वेगळा; पण जो कायदा वेळेवर उत्तर देत नाहीं, त्याची आज्ञा लोक पाळेनासे होतात.

३० मार्च २०२२ रोजीं पर्यावरण मंत्रालयानें एक कार्यालयीन पत्रक काढलें. १९८९ च्या नियमांतील विसाव्या नियमानें सूट देण्याचा अधिकार मंत्रालयाकडे आहे. त्याचा आधार घेऊन पहिल्या दोन प्रकारच्या संपादित वनस्पतींना, परकें डी.एन.ए. उरलेलें नसेल तर, सातव्या ते अकराव्या नियमांतून मोकळीक देण्यांत आली. मे महिन्यांत जैवतंत्रज्ञान खात्याचीं मार्गदर्शक तत्त्वें आलीं. व्याख्येंतील 'काढून टाकणें' हे शब्द आहेत तेथेंच आहेत. फक्त त्यांना दरवाजांतून बाहेर जाऊं देण्यांत आलें. सूट योग्य होती असें माझें मत आहे. परंतु जी गोष्ट यूरोपांत संसदेच्या मतमोजणीनें व इंग्लंडांत कायद्यानें झाली, ती आपल्याकडे पत्रकानें व्हावी, हें खटकतें. पत्रकानें दिलेली सूट पत्रकानें जाऊंहि शकते, आणि ज्या चर्चेनें लोकांचा विश्वास बसावयाचा ती चर्चा होतच नाहीं. ह्याच सुटीखालीं ४ मे २०२५ रोजीं केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान ह्यांनीं भाताच्या दोन संपादित जाती जाहीर केल्या : हैदराबादच्या भात-संशोधन संस्थेनें सांबा मसुरीपासून काढलेली 'कमला', आणि दिल्लीच्या कृषि-संशोधन संस्थेची 'पुसा डी.एस.टी. १'. पहिलीनें दाणे अधिक व पीक लवकर, दुसरीनें अवर्षण व खारटपणा सोसण्याची शक्ति, असा त्यांचा दावा आहे.

शेवटीं एक गोष्ट राहते, आणि माझ्या समजुतीप्रमाणें शेतकऱ्याच्या दृष्टीनें तीच सर्वांत जवळची आहे. सुरक्षेच्या कार्यालयांत बियाण्याचा जनक सांगतो कीं, हें निसर्गांत घडतें तसेंच आहे, ह्यांत नवें कांहीं नाहीं. तोच जनक पेटंटच्या कार्यालयांत जाऊन सांगतो कीं, हें पूर्वीं कधीं नव्हतें, हा माझा शोध आहे. दोन्ही खिडक्या एकाच वेळीं उघड्या असतात. यूरोपीय संसदेनें २०२४ सालीं अशा पिकांवरील पेटंटांवर बंदीच मागितली होती. तडजोडींत ती राहिली नाहीं, पेटंटांची माहिती उघड करावी एवढेंच उरलें. आपल्याकडे पेटंटच्या कायद्याचें तिसरें कलम वनस्पति व बियाणें ह्यांस पेटंट नाकारतें; परंतु ज्या कातरीनें बियाणें घडतें तिच्यावर विद्यापीठांची व कंपन्यांची मालकी आहे, आणि ती वापरण्याचा करार मालकाशीं करावा लागतो. पिकांच्या जातींविषयीं २००१ सालीं झालेल्या कायद्यानें मात्र शेतकऱ्यास आपल्या पिकांतलें बियाणें राखण्याचा, पुन्हां पेरण्याचा, शेजाऱ्यास देण्याचा आणि नाममुद्रा न लावतां विकण्याचा हक्क दिला आहे. ते शब्द संसदेनें लिहिलेले आहेत. ते बदलण्यास पत्रक पुरत नाहीं.